जुनी वायर काढून नवीन फिटिंगला वापरायची का? सारखे विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि आसपास लाइट फिटिंगची कामं करतो, त्यात जुन्या घरांचं रिनोव्हेशन जास्त. काम सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे जुनी फिटिंग उतरवून वायरींचा ढीग हॉलमध्ये पडला की, घरातलं कोणीतरी त्या ढिगाकडे बघत हळूच विचारतंच की हे परत वापरता येईल का हो. प्रश्न चुकीचा नाहीये, तांबं महाग आहे आणि टाकून द्यायचा आपला स्वभाव नाही. प्रत्येक साइटवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो.

एका वाक्यात सांगा, चालते की नाही?

भिंतीत आहे तिथेच, आहे त्याच कामाला चालू ठेवायची असेल तर टेस्ट करून चालू शकते. काढून, गुंडाळून, दुसऱ्या पाइपात नव्याने ओढायची असेल तर मी नाही म्हणतो. लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि सगळा घोळ तिथे होतो, म्हणून खालचं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

पण पूर्वीचं तांबं अस्सल असायचं, आताच्या वायरपेक्षा भारीच ना?

तांबं भारी असेलही, वाद नाही. तांबं म्हातारं होत नाही, त्याच्यावरचं कव्हर म्हातारं होतं, आणि शॉक आणि आग यापासून तुम्हाला वाचवतं ते कव्हर, तांबं नाही.

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात काम चालू होतं, तिथल्या काकू ऐकायलाच तयार नव्हत्या. "अहो, आमच्या सासऱ्यांनी घातलीये ही वायर, तेव्हा फसवाफसवी नव्हती." बरं म्हटलं, बोर्ड उघडला, वायरचं टोक दोन बोटांत धरलं आणि नुसतं वाकवलं. कव्हरचा टवका उडून त्यांच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडला, खारी बिस्कीट मोडावी तसा. आत तांबं मस्त होतं, लखलखीत नाही पण शाबूत. काकूंनी टवका उचलला, चुरडून बघितला, चहा टाकायला आत गेल्या आणि येताना म्हणाल्या, नवीनच टाका.

त्यातली गंमत अशी की ती वायर त्याच जागी इतकी वर्षं व्यवस्थित चालली होती. कडक झालेलं कव्हर हलवलं नाही तर पाइपात तसंच बसून राहतं. आपण हात लावतो, ओढतो, वाकवतो, तेव्हा ते फुटतं.

वायर काढताना नेमकं काय बिघडतं? बाहेरून तर चांगली दिसते.

पाइपातून वायर सरळ निघत नाही. कुठेतरी बेंड असतो, कुठे पाइपात सिमेंटचं पाणी जाऊन खडा झालेला असतो, कुठे आधीच्या माणसाने आठ वायरींच्या जागी बारा कोंबलेल्या असतात, मग एक जण खुर्चीवर उभा राहून ओढतो, दुसरा खालून ढकलतो आणि शेवटी हिसका मारून ती येते. त्या हिसक्यात कव्हर ताणून पातळ होतं, पाइपाच्या कडेवर खरचटतं, आतली बारीक तार ताणली जाते. असे ओरखडे डोळ्याला दिसतीलच असं नाही, पण पुन्हा नव्या पाइपातून ओढली की नेमकी तिथेच फाटते आणि आता ती प्लास्टरच्या आत असते.

दुसरं म्हणजे लांबी. जुन्या वायरचे तुकडे येतात चार मीटर, सहा मीटर, अडीच मीटर, आणि नव्या घराचे पॉइंट तुमच्या तुकड्यांच्या मापाने बसत नाहीत, मग जॉइंट मारावा लागतो आणि जॉइंटचं दुखणं पुढे सांगतोच.

आमच्या घरातली वायर कुठल्या जमान्यातली आहे हे कसं कळेल?

मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, एक बोर्ड उघडा आणि बघा. येत नसेल तर वायरमनला बोलवा, उगाच धाडस नको.

लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून नेलेली, काळी, हाताला रबरासारखी लागणारी किंवा वरून सुती विणकाम असलेली वायर दिसली तर ती रबराची. वाड्यांत, जुन्या चाळींत, कोकणातल्या घरांत अजून सापडते. हिच्या तांब्यावर कथलाचा मुलामा असतो कारण रबरातलं गंधक तांब्याला खातं, म्हणून आतली तार चांदीसारखी दिसते आणि लोक तिला ॲल्युमिनियम समजून भंगारात फुकट देतात. थोडं खरवडलं की आत लाल तांबं दिसतं. पण कव्हर म्हणाल तर ते संपलेलं असतं, हिला परत वापरायचा विचारसुद्धा नको, जागच्या जागी असेल तरी बदलून टाका.

त्यानंतर पीव्हीसी आलं. सुरुवातीच्या पीव्हीसी वायरींत आत एक जाड तार किंवा तीन किंवा सात तारा असायच्या, आणि बऱ्याच सोसायट्यांत त्या काळात तांब्याऐवजी ॲल्युमिनियम घातलेलं आहे. अलीकडच्या वायरींत केसासारख्या बारीक तारा असतात, वायर हातात मऊ लागते आणि कव्हरवर थोड्या थोड्या अंतरावर साइज, आयएसआय मार्क, आयएस ६९४ असा आकडा आणि एफआर (आग पटकन न पसरवणारं कव्हर) किंवा एफआरएलएस (तेच, पण धूरही कमी करणारं) असं छापलेलं असतं. छपाई पुसली गेली असेल, वाचताच येत नसेल तर त्या वायरबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही असं समजा.

ॲल्युमिनियमची वायर निघाली. वजनाला हलकी आहे पण जाड आहे, चालेल का?

जाडी बघून फसू नका. ॲल्युमिनियमची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहण्याचा गुण, तांब्याच्या साधारण साठ टक्केच, म्हणून अडीच स्क्वेअर एमएमची (हे आतल्या धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ, वायरचं माप सांगताना पुढे नुसतं एमएम म्हणतो) ॲल्युमिनियमची वायर दीड एमएमच्या तांब्याच्या बरोबरीची धरायची.

आणि खरा त्रास टोकाला आहे. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा थर धरतो आणि तो थर करंट जाऊ देत नाही. वर हा धातू मऊ, स्क्रूखाली दाबला की हळूहळू दबत जातो, लोड आला की गरम होऊन फुगतो, लोड गेला की आकसतो, असं रोज चाललं की स्क्रू ढिला होतो. ढिला झाला की स्पार्किंग, स्पार्किंग झालं की अजून गरम, आणि एक दिवस सॉकेटला तपकिरी डाग दिसतो नाहीतर मासळी करपल्यासारखा वास येतो. तो वास बेकेलाइटचा असतो, स्वयंपाकघरातला नाही, तेवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या ॲल्युमिनियमला नवीन तांबं पिळून टेप मारणं. दोन वेगळे धातू, त्यात पावसाळ्यातली भिंतीची ओल, की जॉइंट आतून सडायला लागतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेले कनेक्टर मिळतात, पण घरात नवीन काम काढलंच आहे तर त्या भानगडीत पडायचं कशाला. ॲल्युमिनियम निघालं की विषय संपला, भंगारात द्या.

जुने वायरमन तीन बावीस, सात वीस असं म्हणतात ते काय असतं?

ते गेजचं माप आहे. ३/२२ म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, हिशोब केला तर साधारण १.२ स्क्वेअर एमएम. १/१८ म्हणजे १८ गेजची एकच तार, तीही साधारण तेवढीच. ३/२० जवळपास २ एमएम, ७/२२ पावणेतीनच्या आसपास आणि ७/२० साडेचारच्या थोडी वर. हे सांगायचं कारण म्हणजे बाजारात ३/२२ ला बिनधास्त दीड एमएम म्हणतात आणि त्या हिशोबाने लोड टाकतात. ती दीड नाहीये.

मग जुनी वायर राहू द्यायची तर कुठल्या पॉइंटची?

लाइट आणि पंख्याची. इथे मी बऱ्याच जणांपेक्षा सौम्य आहे आणि त्याला कारण आहे. जुन्या घरात तीन ट्यूब चोकसकट दीडशे वॅट, चार पंखे तीनशे वॅट, साठचे चार बल्ब अडीचशेच्या आसपास, म्हणजे एका लाइनवर सातशे वॅट, तीन अँपिअर. आता एलईडीच्या तीन पट्ट्या साठ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारे नवे) पंखे प्रत्येकी तीस धरले तर एकशेवीस, नऊ वॅटचे चार बल्ब, सगळं मिळून सव्वादोनशेच्या आत, एक अँपिअरसुद्धा नाही. म्हणजे वायर म्हातारी झाली तसं तिचं ओझंही उतरलं. तांब्याची पीव्हीसी वायर असेल, पाइपात असेल, कव्हर मऊ असेल, मेगरला (कव्हर तपासायचं मीटर, खाली सांगतो) पास होत असेल आणि तुम्ही छत फोडणार नसाल तर छतातली लाइट-पंख्याची लाइन राहू द्या. फक्त त्या लाइनला ६ किंवा फार तर १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, लावा.

पण त्या लाइनवरून बोर्डावरचा सॉकेट असेल तर तो तोडून वेगळा करा, कारण सून माहेरून इस्त्री घेऊन येते, मुलगा हीटर लावतो, आणि सॉकेट दिसला की त्यात काय घालायचं हे वायर ठरवत नाही.

गीझर, एसी, इंडक्शन?

नवीन. प्रश्नच नाही.

२ किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा इन्स्टंट १३ घेतो. १ एमएमची वायर पाइपातून साधारण ११ अँपिअरपर्यंतची, तीही नवीन असताना. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० डिग्री, त्याच्या वर रोज नेलं की कव्हर कडक होत जातं. म्हणजे जुन्या बारीक वायरवर गीझर चालतो, चालतोच, म्हणून लोकांना वाटतं मी उगाच घाबरवतो. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. माझ्याकडे पॉवरला अडीच एमएम आणि १६ अँपिअरचा एमसीबी, एसी आणि मोठ्या गीझरला ४ एमएम आणि २० चा एमसीबी, प्रत्येकाला डीबीपासून (सगळे एमसीबी बसवलेला मेन डबा) वेगळी लाइन. नियमसुद्धा पूर्वीपासून तेच सांगतो की लाइटच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, आणि पॉवरच्या एका सर्किटवर दोनच सॉकेट. जुन्या घरात बघाल तर अख्ख्या स्वयंपाकघराला एक सर्किट, कारण तेव्हा तिथे मिक्सर आणि फार तर फ्रिज एवढंच होतं.

तुकडे जोडून वापरले तर? टेप नीट मारू की.

टेपने शॉक लागत नाही, पण जॉइंट गरम होतोच. हिशोब बघा, जॉइंट ढिला असेल आणि तिथे अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, गीझरचे ९ अँपिअर गेले, तर नऊ गुणिले नऊ गुणिले अर्धा, म्हणजे ४० वॅट. आपली सोल्डरिंगची आयर्न असते ना बाजारात, ती साधारण २५-३५ वॅटची. म्हणजे चालू सोल्डरिंग आयर्न भिंतीत गाडून प्लास्टर केल्यासारखं झालं, वर रंग मारला, वर मुलाचा फोटो लावला. आणि यात एमसीबी पडणार नाही कारण करंट जास्त नाहीये, नऊच आहे.

टेपचा गोंद तीन-चार उन्हाळ्यांत वाळतो आणि टेप सुटून लोंबते. छतावरचे फॅन बॉक्स उघडतो तेव्हा ही लोंबती टेप दहात सात घरांत बघतो.

जॉइंट करायचाच तर जंक्शन बॉक्समध्ये, जिथे उद्या झाकण उघडून हात घालता येईल, आणि चांगल्या कनेक्टरने. पाइपाच्या आत जॉइंट कधीच नाही. वायरमन म्हणाला की काही होत नाही, तर त्याला म्हणा लिहून दे.

मेगर टेस्ट म्हणजे काय, आणि कोणाकडून करायची?

मेगर ५०० व्होल्टचा डीसी सोडून कव्हरमधून किती करंट गळतोय ते मोजतो आणि कव्हरचा रेझिस्टन्स मेगाओममध्ये दाखवतो, आकडा जितका मोठा तितकी गळती कमी. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी, आणि मग फेज आणि न्यूट्रल आपसात. नियमाने कमीत कमी १ मेगाओम यायला हवा. चांगल्या फिटिंगला पन्नास, शंभर, त्याच्याही वर येतो, त्यामुळे १.२ आला तर कागदावर पास पण माझ्या मते ती लाइन बदला. पावसाळ्यात आणि कोरड्या मे महिन्यात आकडा वेगळा येतो, कोकणात तर फारच, म्हणून जमलं तर ओल असताना टेस्ट करा, खरं तेव्हाच कळतं.

एक काळजी. टेस्टच्या आधी सगळे बल्ब, एलईडी पट्ट्या, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर सगळं सुटं करा. नाहीतर ५०० व्होल्टमध्ये कोणाचातरी सर्किट उडतो आणि बिल वायरमनच्या नावावर फाटतं, माझं एकदा फाटलंय. मेगर प्रत्येक वायरमनकडे नसतो पण लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे असतो. आधीच विचारा, नाही म्हणाला तर जुनी वायर ठेवायचा निर्णय त्याच्या भरवशावर घेऊ नका.

टेस्टर लावून किंवा मल्टीमीटरने बीप वाजवून चालत नाही का?

नाही. बीप वाजली म्हणजे तार तुटलेली नाही एवढंच. कव्हरबद्दल बीप काही सांगत नाही.

एमसीबी आणि आरसीसीबी नवीन लावले, मग वायर जुनी असली तरी काय फरक पडतो?

फरक पडतो, पण हा प्रश्न चांगला आहे. एमसीबी वायरला जास्त करंटपासून वाचवतो, पण तो वायरच्या मापाचा असेल तरच. जुन्या १ एमएमला ३२ चा एमसीबी लावणं म्हणजे किटकॅट फ्यूजमध्ये (जुना चिनी मातीचा, तार बांधायचा फ्यूज) जाड तार बांधणं, वडिलांच्या काळात केलं तेच आपण नव्या डब्यात केलं.

आरसीसीबी ३० मिलीअँपिअरची गळती झाली की बंद करतो आणि जुन्या वायरिंगवर तो हमखास त्रास देतो. कारण दोन. एक, कव्हरमधून थोडी थोडी गळती सगळीकडून. दुसरं, जुन्या फिटिंगमध्ये न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, फेज हॉलच्या सर्किटचा आणि न्यूट्रल बेडरूममधून उचललेला, कारण तो जवळ होता. आरसीसीबीला जाणारा आणि येणारा करंट सारखा दिसत नाही, तो पडतो. मग काय होतं माहितीये? एका फ्लॅटमध्ये गेलो, डीबीत आरसीसीबी दिमाखात बसवलेला, आणि मागून एक वायर टाकून तो पूर्ण बायपास केलेला. मालकांना पत्ता नाही. आधीच्या माणसाने तक्रार मिटवली होती. आरसीसीबी सारखा पडत असेल तर त्याच्यावर चिडू नका, तो वायरिंगची चुगली करतोय.

जुन्या घरात अर्थिंगची वायरच नाही, दोनच वायरी आहेत. आता?

मग ती लाइन थ्री पिन सॉकेटला ठेवता येणारच नाही, नवीन अर्थ वायर ओढावी लागेल, आणि पाइपात जागा नसेल तर तिन्ही नवीन ओढा. वरच्या पिनला न्यूट्रलची उडी मारून देणारे लोक आहेत, फार आहेत, ते करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रिजच्या आणि वॉशिंग मशिनच्या अंगावर २३० व्होल्ट उभे राहतात.

पूर्वी काही घरांत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं असायचं. नंतर प्लंबिंग बदललं, प्लास्टिकचे पाइप आले आणि अर्थिंग गेलं, हिरवी वायर मात्र अजून बोर्डात दिसते म्हणून सगळे निवांत. बाथरूम रिनोव्हेट करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

वायर नको, पण भिंतीतले जुने पाइप तरी वापरता येतील?

हो, आणि खरी बचत इथे आहे. झिरी मारायची नाही, धूळ नाही, गवंडी नाही, रंगकाम वाचतं. आणि जुन्या वायरचा सगळ्यात चांगला उपयोग पण हाच, ती नव्या वायरला ओढून आणायला वापरा. जुन्या वायरच्या टोकाला नवीन वायरीची टोकं पायऱ्या-पायऱ्यांनी बांधा, म्हणजे सगळी गाठ एकाच जागी जाड होत नाही, टेप घट्ट गुंडाळा, थोडी पावडर मारा, एक जण ढकलतो एक जण हळू ओढतो. म्हणून आल्या आल्या जुनी वायर ओढून काढू नका! बरेच मालक मी यायच्या आधी मदत म्हणून सगळ्या वायरी काढून ठेवतात आणि मग रिकाम्या पाइपात तार घालत आमची दुपार जाते.

पाइप लोखंडी असेल तर कडा गंजून धारदार झालेल्या असतात, तिथे बुश, म्हणजे वायर कापू नये म्हणून तोंडाशी घालायची गुळगुळीत रिंग, बसवा. आणि पाइपाच्या पोटाच्या साधारण चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त वायरी भरू नका, हवा खेळायला आणि उद्या परत ओढायला जागा लागते.

जुने स्विच, सॉकेट, एमसीबी?

चांगल्या कंपनीचे स्विच लाइटला लावा, चालतील. सॉकेटमध्ये पिन ढिली बसत असेल तर फेका. एमसीबी किती वेळा पडलाय, शॉर्टमध्ये किती भाजलाय हे बाहेरून कळत नाही, तो नवीनच घ्या.

माळ्यावर जुनं पण न वापरलेलं बंडल आहे, सील आहे. ते?

ते वेगळं, ते बघण्यासारखं आहे. उन्हात किंवा गरम पत्र्याखाली पडलेलं नसेल, छपाई वाचता येत असेल, पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळलं तरी कव्हर तडकत नसेल, सोलल्यावर तांबं गुलाबी-लाल असेल, काळं-हिरवं पडलेलं नसेल तर वापरा.

माप खरं आहे का तेही बघून घ्या, कारण कमी तांब्याची वायर आजच्यासारखी तेव्हाही मिळायची. एक टोक सोला आणि तारा मोजा. बहुतेक वायरींत ०.३ एमएम जाडीच्या तारा असतात, १ एमएमला १४, दीडला २२, अडीचला ३६, चारला ५६. मोजायला कंटाळा आला तर वजन करा, ९० मीटरच्या दीड एमएमच्या बंडलात सव्वा किलोच्या जवळ नुसतं तांबं असतं, अडीचच्या बंडलात २ किलो, कव्हरचं वजन वेगळं. अख्खं बंडल कव्हरसकट किलोभर भरलं तर समजून जा. आणि तार खरवडल्यावर आत पांढरी दिसली आणि वायर मऊ पीव्हीसीची असेल तर ते तांबं नाही, तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

काढलेली वायर गणपतीच्या मांडवाला किंवा शेतावर वापरू का?

मंडळाची पोरं हे दर वर्षी विचारतात. घरातली सिंगल वायर पाइपात राहायला बनवलेली आहे, तिला दुसरं आवरण नसतं. मांडवात ती लोखंडी पाइपाला, पत्र्याला घासते, वरून भाद्रपदातला पाऊस, खाली चिखलात लोक अनवाणी. जुनी वायर तर नाहीच, नवीन सिंगल पण नको, डबल आवरणाची केबल घ्या आणि मांडवाच्या मेनला आरसीसीबी लावा. शेतावर मोटरला पण तेच, पाण्यात सोडायची केबल वेगळी असते, तीन कोरची चपटी, घरातली वायर तिच्या जागी बांधू नका.

काढलेली वायर चालते कुठे? बॅटरीवर चालणाऱ्या दारावरच्या बेलला, १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीला, पोरांच्या सायन्स प्रोजेक्टला, आणि कुंपणाला कारल्याचा वेल बांधायला. आमच्याकडे वेल आहे, मस्त चढलाय.

सोलर पॅनलपासून खाली आणायला जुनी जाड वायर?

नको. पॅनलची लाइन डीसी असते, व्होल्टेज काही शेकड्यांत जातं, वर दिवसभर ऊन. साधं पीव्हीसी उन्हात तडकतं आणि डीसीची ठिणगी पटकन विझत नाही. त्याची केबल वेगळी मिळते, तीच घ्या.

कायद्याने बंदी आहे का?

नियम वायरचं वय विचारत नाही, फिटिंग कशी आहे ते विचारतो. माल आयएसआयचा हवा, काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरने करायला हवं, इन्सुलेशन आणि अर्थिंग टेस्टला पास व्हायला हवं. नवीन मीटर घेताना किंवा लोड वाढवताना महावितरणला कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यावर सही त्याची असते. म्हणून जुन्या वायरचं काम म्हटलं की चांगला कॉन्ट्रॅक्टर मागे सरकतो, तुम्हाला वाटतं कमिशनसाठी नवीन माल खपवतोय. काही खपवतात, ते पण खरं आहे. पण सही करणाऱ्याची बाजू पण बघा.

पैसे किती वाचतात शेवटी?

वाटतात तेवढे नाहीत. जुनी वायर न फाडता काढायची, पुसायची, तपासायची, तुकडे मापाने लावायचे, यात मजुरीचे दिवस जातात. उलट ती भंगारात दिली तर तांब्याचा भाव वजनावर मिळतो आणि नवीन बंडलांच्या खर्चातला बऱ्यापैकी वाटा तिथून निघतो. भंगारवाल्याला देताना तांबं, ॲल्युमिनियम वेगळं करून द्या आणि वजन स्वतः उभं राहून बघा.

जाळून तांबं काढलं तर जास्त भाव येतो म्हणे?

येतो थोडा. पण पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात, घसा धरतो तो त्यामुळेच. गच्चीवर, पारावर, शेतात कुठेच नको. ब्लेडने सोलता येते, नाहीतर कव्हरसकट द्या.

सगळं एकदम बदलायला बजेट नाही. आधी काय करू?

आधी डीबी आणि अर्थिंग. मग बाथरूम आणि स्वयंपाकघर, कारण तिथे पाणी आणि लोड दोन्ही. मग एसीच्या लाइनी. हॉल-बेडरूमचे लाइट-पंखे सगळ्यात शेवटी, वर सांगितलं तसं टेस्ट करून ते काही वर्षं थांबू शकतात. फक्त टाइल लावायच्या आधी किचन-बाथरूमचे पाइप टाकून घ्या, वायर नंतर ओढता येते, टाइल नंतर फोडायला जिवावर येतं.

आम्ही नवीन वायरचे पैसे दिले, पण वायरमनने आत जुनीच टाकली नाही ना हे कसं बघू?

बंडलं तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामी खोकी, रिकामे रोल काम संपेपर्यंत घरातच ठेवायला सांगा. प्लास्टर मारायच्या आधी प्रत्येक भिंतीचा आणि प्रत्येक उघड्या बॉक्सचा मोबाइलवर फोटो काढा, उद्या खिळा ठोकतानाही तो कामाला येतो. बोर्ड बंद व्हायच्या आधी वायरचं टोक बघा, नवीन वायरवर छपाई स्पष्ट असते आणि कव्हर चकचकीत असतं, जुनीवर भिंतीचा चुना आणि जुन्या गाठींचे वळ असतात. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा असा रंग सगळ्या घरात सारखा आहे का बघा, मध्येच एखाद्या बोर्डात पांढरी किंवा करडी वायर डोकावली तर विचारा ही कुठून आली. खरं काम करणारा लगेच झाकण उघडून दाखवतो. चहा घेऊ का आधी म्हणाला तर चहा द्या, पण झाकण उघडायला लावा.